अळणी सोमवार

हेमराजनं बँड सोडला तो भर वरातीत. नवरदेव घोड्यावर, पुढे बाया घामानं निथळत नाचताहेत, गाणं ऐन रंगात, आणि हा क्लारनेट तोंडातून काढून पानाच्या गल्ल्यापाशी, टपरीपाशी, जाऊन उभा राहिला. मोबाईल डोक्याच्या वर धरला, केसांवरून हात फिरवला आणि बोलायला लागला, "दोस्तांनो, आज लई जड मनानं मी एक निर्णय घेतोय. कलाकाराला आकाश पाहिजे असतं..."

आकाश डोक्यावरच होतं, वैशाखातलं, पांढरंफटक. त्याच्यासाठी वरात सोडून गल्ल्यापाशी जायची काही गरज नव्हती.

वरात तशीच लंगडत पुढे गेली. सोनेरी गोंड्यांचा लाल कोट त्यानं स्पीकरच्या गाडीच्या बॉनेटवर टाकला होता. तो बँडाच्या मालकांनी, चिंधा मास्तरांनी उचलला, हातावर घडी घालून घेतला आणि उरलेल्यांना मानेनं खूण केली, वाजवत राहा.

मास्तरांच्या घरी, सुरतेजवळच्या कोसाडला, त्यांच्या बायकोनं, मंगलाबाईंनी हे सगळं संध्याकाळी मुलीच्या मोबाईलवर पाहिलं. दिवा लावून झाला होता, जपाची माळ अजून हातातच होती.

"मम्मी, अकरा हजार लाइक आले," हर्षदा म्हणाली.

"गाणं पुरं केलं का त्यानं?"

"कोणतं?"

"वाजवत होता ते."

हर्षदानं व्हिडिओ मागेपुढे करून पाहिला. "ना. अंतऱ्यातच सोडलं."

"मग आकाश घेऊन काय करणार तो," मंगलाबाई म्हणाल्या आणि माळ पुढे ओढायला लागल्या.

त्यांचं बोलणं इतकं हळू की समोरच्याला वाकून ऐकावं लागे. उभ्या आयुष्यात त्यांनी कुणावर आवाज चढवला नव्हता. पहाटे आंघोळ, तुळशीला पाणी, एक अध्याय, मग चूल. सोमवार, गुरुवार, चतुर्थी, एकादशी. बाईचा नेम कधी चुकला नाही असं सगळी आवास कॉलनी सांगे. पण ज्यांनी त्यांना जवळून पाहिलं होतं त्यांना ठाऊक होतं, की ही बाई ओरडत नाही, पण मनातून एकदा कुणाला उतरवलं की पुन्हा चढवत नाही.

हेमराज अजून पुरता उतरला नव्हता. त्याला कारण होतं.

तो मास्तरांच्या चुलतभावाचा मुलगा. आईबाप लागोपाठ गेले, तेव्हा मास्तर शिंदखेड्याला जाऊन त्याला घेऊन आले. पोर बारा वर्षांचं. मास्तरांनी तेव्हा नुकतंच लूम्सचं खातं, मागावरची नोकरी, सोडून बँड उभा केला होता. त्यांनी त्याच्या हातात क्लारनेट दिलं आणि सकाळी सहाला उठवून त्याची फुंकायची पत्ती ओली करायला शिकवलं. पोराची फुंक चांगली होती, हे खोटं नाही. सोळाव्या वर्षी तो पुढे चालून वाजवायला लागला, आणि सतराव्या वर्षी त्याचं तोंड फिरलं. थंडीतल्या एका लग्नाहून उघड्या टेम्पोतून परत आला, सकाळी उठला तर डावा ओठ खाली लोंबतोय, डोळा मिटत नाही, पाण्याचा घोट गालातून गळतोय. सरकारी दवाखान्यात शेक झाले, सुया झाल्या. डॉक्टर म्हणाले, येईल, नाहीतर नाही येणार. पोर भिंतीकडे तोंड करून पडून राही.

तेव्हा मंगलाबाई देव्हाऱ्यापुढे बसल्या आणि कानबाईला बोलल्या, "माय, याचं तोंड सरळ कर. हा दरसाल तुझ्या निरोपाला घरापासून तापीपर्यंत अनवाणी वाजवत येईल. आणि जोवर हा तुझ्यापुढे वाजवतो, तोवर मी सोमवारी मिठाला शिवणार नाही."

दीड महिन्यात तोंड सरळ झालं. त्या गोष्टीला नऊ वर्षं झाली. नऊ वर्षं दर सोमवारी मंगलाबाईंच्या ताटात अळणी भाकरी, अळणी वरण, अळणी भाजी. लग्नाकार्यात गेल्या तरी सोमवार असला की दही-साखर खाऊन उठत. आणि नऊ वर्षं श्रावणात हेमराज कानबाईपुढे अनवाणी वाजवत तापीपर्यंत जाई. रस्त्यावरच्या बाया म्हणत, वाजवणं ऐकून देवीच्या नथीचा मोती हलतो.

आता तो बँडात नव्हता. बँड सोडला तर सोडला, दुसरीकडे जाऊन चार पैसे मिळवले तर मंगलाबाईंना वाईट वाटण्यासारखं काही नव्हतं. पण नवस बँडाचा नव्हता, तोंडाचा होता. श्रावणात हा वाजवायला आला नाही तर देवी काय करील, याची त्यांना खरोखर भीती वाटत होती. त्याचा राग येई, आणि त्या रागापाठोपाठ ते लोंबणारं तोंड डोळ्यांपुढे येई. मग राग गिळून त्या त्याच्या नावानं एक वात जास्त लावीत.

हेमराजचं मात्र उत्तम चाललं होतं. बँड सोडायच्या आधीच त्याचं एक अहिराणी गाणं मोबाईलवर गाजलं होतं. गाण्यात एक मुलगी स्कुटीवरून जाते, हा मागे धावतो, ती वळून बघते, हा पडतो. एवढंच. चाळीस लाख लोकांनी त्याला पडताना पाहिलं होतं. मग गजेंद्र नावाचा एक मॅनेजर उगवला. आधी तो मोबाईलची कव्हरं विकायचा. आता कलाकार विकू लागला. त्यानं हेमराजचा 'एच-राज' केला. गॉगल घातला, एका कानात बाळी अडकवली, सुरतेच्या पाल भागात नव्या बिल्डिंगीत अकराव्या मजल्यावर भाड्यानं फ्लॅट घेऊन दिला. एका मुलाखतीत बाईनं विचारलं, तुमचे गुरू कोण? एच-राज गॉगल नाकावर सरकवून म्हणाला, "मेरा गुरु मेरा संघर्ष."

मंगलाबाईंनी तीही मुलाखत पाहिली. सहाला उठवणारे मास्तर त्यांना माहीत होते. पोराच्या फाटलेल्या ओठाला तुपाचं बोट लावणारी बाई माहीत होती. संघर्ष नावाचं कुणी त्या दोन खोल्यांत राहून गेल्याचं त्यांना काही आठवेना.

मास्तरही ऐकत होते. "बोलतो चांगलं," एवढंच म्हणाले आणि क्लारनेटच्या पेटीची कडी उगाच दोनदा लावून बघितली. मंगलाबाईंना नवऱ्याचा हा चांगुलपणाही त्या दिवशी सहन झाला नाही.

*

नागपंचमी आली. तिच्यानंतरच्या रविवारी कानबाई बसते. खान्देशी माणूस सुरतेला येवो की आणखी कुठं जावो, चौरंगावर नारळाची देवी मांडून, नथ घालून, फुलं वाहून तो तिला एक दिवसाची पाहुणी करतोच, आणि सोमवारी सकाळी वाजतगाजत नदीला नेतो. तिच्या नैवेद्याला रोटं लागतात, गव्हाच्या जाड गोड भाकऱ्या. त्या रोटांचे गहू भाऊबंदकीतल्या एकेका पुरुषाच्या नावानं सव्वा-सव्वा मूठ काढायचे. माणूस गावी असो, दुबईला असो, तुरुंगात असो, त्याच्या नावाची मूठ पडलीच पाहिजे. मूठ पडत नाही ती फक्त मेलेल्याची. आणि ती रोटं कुळाबाहेर कुणी खायची नाहीत. पाहुण्याला पुरणपोळी द्या, खीर द्या, रोट नाही.

मंगलाबाई सुपात गहू घेऊन बसल्या. जाऊ शांताबाई मदतीला आली होती. ती घरात अहिराणीच बोले, आणि मोठ्यानं बोले.

"मास्तरनी मूठ पडनी. भिकननी पडनी," ती बोटांवर मोजत होती. भिकन तिचा मुलगा, बँडातला दुसरा क्लारनेटवाला. मंगलाबाईंनी पुढची मूठ भरली तसा शांताबाईनं त्यांचा हात धरला. "ही कोनी व?"

"हेमराजची."

"त्याना नावनी कसाले टाकस? भर वरातमा थुकी ग्या तो आपलावर!"

"जित्ता शे ना तो?" मंगलाबाई हळूच म्हणाल्या.

शांताबाईनं हात सोडला. मूठ पडली, तिच्यावर पाव मूठ पडली.

"जित्ता शे, पन कोनाकरता?" शांताबाई पुटपुटली.

त्याच दुपारी मंगलाबाईंनी हर्षदाकडून फोन लावून घेतला. उचलला गजेंद्रनं. "एच-राज सर मीटिंगमां छे. आप कौन?"

"काकू बोलते म्हणावं."

"फॅन है क्या?"

हर्षदानं फोन हिसकावून घेतला. "फॅन नाही, घरचे आहोत! ज्यांच्या घरी तुमचे सर चौदा वर्षं जेवले ते!" मागे कुणीतरी हसलं, मग हेमराजचा आवाज आला, लाडात आलेला.

"काकू! बोल ना. मला माहीत आहे, कानबाई. सोमवारी आठ वाजता मी दारात हजर. तुझा नवस मी विसरेन का?"

मंगलाबाईंच्या पाठीवरचं ओझं उतरल्यासारखं झालं. "ये रे बाबा," त्या म्हणाल्या. "अनवाणी ये."

"येतो ना. पण रविवारी माझं शूटिंग आहे, निघता यायचं नाही. माझ्या वाटचं रोट आणून देशील इकडे? तुझ्या हातचं रोट खाल्लं नाही तर वर्ष सुनं जातं, काकू."

त्या रात्री मंगलाबाईंनी त्याच्या नावानं जास्तीची वात लावली ती भीतीनं नव्हे. पोराला रोटाची आठवण आहे, म्हणजे सगळंच वाहून गेलेलं नाही.

*

रविवारी नैवेद्य झाला, घरचे जेवले. हेमराजच्या वाटचं रोट त्यांनी नव्या पांढऱ्या फडक्यात गुंडाळून स्टीलच्या डब्यात ठेवलं, वर तुळशीचं पान. जवळच्या अमरोलीच्या चौकातून रिक्षा करून पालला पोचल्या तेव्हा चार वाजले होते. गेटवरच्या वॉचमननं वही पुढे केली. नाव, कुठून, कुणाकडे. तोही खान्देशाकडचाच निघाला, शहाद्याचा, मारुती नावाचा, साठीला टेकलेला.

"डब्यात काय, मावशी? लिहावं लागतं."

"कानबाईचं रोट."

मारुतीनं पेन खाली ठेवलं आणि डब्याला लांबूनच हात जोडले. "आमच्या घरी पण बसली. माझी ड्युटी. उद्या सुटलो की तापीवर जाऊन पाया पडेन." वहीत त्यानं लिहिलं, सामान काही नाही.

अकराव्या मजल्यावर दार गजेंद्रनं उघडलं. आत पांढरा सोफा, पांढऱ्या भिंती, आणि छताला अडकवलेले दिवे, दिवसासुद्धा लावलेले. हेमराजनं वाकून नमस्कार केला तो अर्धाच. फाटकी पँट गुडघ्याशी आणखी फाटेल म्हणून असावा. ती पँट विकतच तशी मिळते, असं हर्षदानं मागे सांगितलं होतं. मंगलाबाईंनी आशीर्वाद दिला, आणि मग त्यांची नजर समोरच्या भिंतीवर गेली.

मास्तरांनी दिलेलं क्लारनेट तिथं होतं. भिंतीला स्क्रूनं ठोकलेलं. त्याच्या भोकांतून निळ्या-तांबड्या बारीक दिव्यांची माळ ओवली होती, आणि ती लुकलुकत होती.

"भारी दिसतंय ना?" हेमराज म्हणाला. "इंटिरियरवाल्याची आयडिया."

"उद्या काय वाजवशील मग?"

"अगं काकू..." तो सोफ्यावर बसला, गॉगल कपाळावर चढवला. "क्लारनेट आता कोण ऐकतं? सगळं कीबोर्डात येतं. आणि रोज वाजवलं ना, की खालचा ओठ जाड होतो. क्लोजअपमध्ये दिसतं."

"फेस ही तो है इसका," गजेंद्र मधेच म्हणाला. "आँटी, इसका मुँह सोने का मुँह है."

मंगलाबाई त्या सोन्याच्या तोंडाकडे बघत राहिल्या. त्याच तोंडाला त्यांनी दीड महिना चमच्यानं पेज भरवली होती, आणि गळलेली पेज पदरानं पुसली होती.

"तू येशील ना पण?"

"येणार म्हणजे येणार. भिकनचं क्लारनेट घेईन. आणि समजा थोडं पुढेमागे झालं..." त्यानं खिशातून बोटाएवढा पेनड्राइव्ह काढून त्यांच्या हातावर ठेवला. "हे गाडीवर लावायला सांग. माझ्या आवाजात कानबाईची आरती, रिमिक्स. मीच आहे ना त्याच्यात! देवीला काय, आवाज पोचल्याशी कारण."

मंगलाबाईंनी पेनड्राइव्ह मुठीत घेतला.

मग रोट निघालं. हेमराज म्हणाला थांब, आणि गजेंद्रनं मोबाईल काठीला लावला. खिडकीचा पडदा सरकवला, सोफ्यावरची उशी हलवली, काकूंना म्हणाला, "आप जरा साइड में." मंगलाबाई साइडला झाल्या. हेमराजनं रोट दोन्ही हातांत घेऊन कपाळाला लावलं, डोळे मिटले. "घर का प्रसाद," असं म्हणताना त्याचा गळा भरून आला. गजेंद्र म्हणाला उजेड कमी पडला. मग तो गळा दुसऱ्यांदा भरून आला, पहिल्यापेक्षा चांगला. तिसऱ्या वेळी डोळ्यांत पाणीसुद्धा आलं. त्यानं एक बारीक तुकडा मोडला, ओठांपर्यंत नेला, आणि मोबाईल बंद होताच परत डब्यात टाकला.

"खाऊन घे," मंगलाबाई म्हणाल्या.

"खातो ना, सावकाश खातो. आता मेकअप आहे."

त्या निघाल्या. गेटबाहेर ऊन होतं, म्हणून मारुतीनं त्यांना केबिनशेजारच्या बाकावर बसवलं आणि स्वतः रिक्षा बघायला रस्त्यावर गेला. एवढ्यात लिफ्टमधून गजेंद्र बाहेर आला, कानाला फोन, हातात डबा. बाकाकडे त्याचं लक्षही गेलं नाही. मारुतीला हाक मारून त्यानं डबा त्याच्या हातात दिला. "ले काका, खा ले. मीठा है. सर डाएट पे है." आणि गाडीत बसून निघून गेला.

मारुती डबा घेऊन जागच्या जागी उभा राहिला. मग सावकाश चालत बाकापाशी आला. त्यानं टोपी काढली होती.

"मावशी," तो म्हणाला, "माझ्या हातात दिलं हो हे. मी उघडलं नाही, वासानं कळलं. मी तुमच्या कुळाचा नाही. मी नाही खाल्लं, देवीशपथ."

दोन्ही हातांनी त्यानं डबा पुढे केला. ज्याच्या नावाची मूठ त्या रोटात होती त्यानं ते दुसऱ्याच्या हाती खाली धाडलं होतं.

मंगलाबाईंनी डबा घेतला. काही वेळ नुसता मांडीवर ठेवला. घरी परत न्यावं तर काय सांगून न्यावं? टाकता तर येतच नाही. मग त्यांनी मारुतीला म्हटलं, "तांब्याभर पाणी मिळेल का, दादा?"

आणि त्या बाकावर, येणाऱ्याजाणाऱ्या गाड्यांच्या समोर, पदर डोक्यावर घेऊन त्यांनी ते रोट खायला सुरुवात केली. जाड, गुळाचं, थंड झालेलं. भूक अजिबात नव्हती. पण त्या कुळाची सून होत्या, त्यांना चालत होतं. त्यानं ओठाला लावलेला बारीक तुकडा होता तो त्यांनी आधी संपवला. मग बाकीचं. रोट मोठं होतं, वेळ लागला. दोन रिक्षा येऊन गेल्या. मारुतीनं दोन्हींना हातानं थांबवलं आणि हातानंच जायला सांगितलं. शेवटी फडक्यावरचा चुरा बोटानं टिपून त्यांनी तोंडात टाकला, फडकं झटकून पाहिलं आणि घडी घातली. हेमराजच्या वाटचं आता काहीही उरलं नव्हतं.

*

सोमवारी आठ वाजता देवी दारात तयार होती. भिकन हजीऱ्याला ठेकेदाराकडे कामाला होता, तो खाडा करून आला होता. ढोलवाले, ट्रंपेटवाले, सगळे कोट घालून उभे. मास्तर रस्त्याच्या वळणाकडे बघत होते.

"पाच मिनिटं थांबू," ते म्हणाले.

पाचाची पंचवीस झाली. चौरंग धरून उभ्या राहिलेल्या बायांनी हात बदलले. मंगलाबाई आतून काही सांगायला बाहेर आल्या नाहीत. कालचं त्यांनी घरात कुणालाच सांगितलं नव्हतं. पावणेनऊला फोन वाजला. मास्तरांनी ऐकून घेतलं, ठेवला, आणि खाली बघत म्हणाले, "गजेंद्रभाई होता. हेमराजला बारडोलीला उद्घाटनाला जावं लागलं. एका मोबाईलच्या दुकानाचं. पेनड्राइव्ह लावा म्हणतो."

"कुठाय पेनड्राइव्ह?" गाडीवाला स्पीकरच्या मागून ओरडला. "लाओ, दो मिनट में लगा देता हूँ! एच-राज का है तो पब्लिक जमेगी!"

"दे ना मम्मी," हर्षदा म्हणाली. "देवी कधीची थांबली आहे."

मंगलाबाई उंबरठ्यात आल्या. त्यांच्या हातावर लाल कोट होता, वैशाखात धुऊन इस्त्री करून ठेवलेला. त्यांनी काहीतरी म्हटलं. कुणाला ऐकू गेलं नाही. सगळे वाकले.

"भिकन, हा घाल," त्या पुन्हा म्हणाल्या. "तू पुढे हो."

भिकन घाबरला. "काकू, मला अंतरा येत नाही पुरता. मी मागचा आहे."

"येतो तेवढा वाजव. शेवटपर्यंत वाजव."

कोट त्याला खांद्यात तोकडा झाला. त्यानं चपला काढल्या, पत्ती ओली केली आणि फुंकलं. पहिला सूर असा चिरकला की शांताबाईनं, त्याच्या सख्ख्या आईनं, डोळे मिटून घेतले. मास्तरांच्या कपाळावर आठी पडली, मग त्यांनी ढोलाला ठेका दिला आणि देवी निघाली.

कोसाड ते तापी, भिकन वाजवत होता. अंतऱ्याला अडखळे, पुन्हा मागून घेई, घामानं भिजे, रस्त्यावरच्या खडीवर पाय उचलून उचलून टाकी. देवीच्या नथीचा मोती हलला की नाही ते कुणी बघितलं नाही. पण त्यानं क्लारनेट तोंडातून काढलं नाही.

अमरोलीच्या चौकात हर्षदानं आईच्या हाताला धक्का दिला. मोबाईलवर हेमराज रोट कपाळाला लावत होता. खाली लिहिलं होतं, कितीही मोठा झालो तरी मुळं विसरलो नाही. "सत्तर हजार झाले, मम्मी. सगळे रडताहेत बघ खाली." मंगलाबाईंनी बघितलं. तिसऱ्या वेळचं पाणीच ठेवलं होतं, तेच सगळ्यात चांगलं होतं.

"छान निघालाय," त्या म्हणाल्या आणि देवीच्या मागे चालायला लागल्या.

तापीच्या काठावर आरती झाली. देवी पाण्यात उतरवण्याआधी बाया एकेक करून पाया पडल्या. मंगलाबाई सगळ्यांत शेवटी गेल्या. नऊ वर्षांपूर्वी बोलल्या होत्या तशाच, फक्त ओठ हलवून, त्या देवीला म्हणाल्या, "माय, चूक माझी. दुसऱ्याच्या तोंडाचा शब्द मी तुला दिला. तो मी परत घेते. आता त्याचं तोंड सरळ आहे ते सरळच असू दे. वाकडं करायचीही तसदी घेऊ नको. तू त्याच्यासाठी बोटसुद्धा उचलावंस एवढा तो नाही."

एवढं बोलून त्यांना हलकं वाटलं. दरवर्षी देवी पाण्यात जाताना त्यांचे डोळे भरत, ते याही वर्षी भरले. पण ते देवीसाठी.

घरी येऊन पानं मांडली तेव्हा एक वाजला होता. मास्तर, भिकन, शांताबाई, हर्षदा, सगळे एका पंगतीला. भिकनचा ओठ सुजला होता, त्याला मंगलाबाईंनी तुपाचं बोट लावलं. हर्षदानं पेनड्राइव्ह देव्हाऱ्याजवळून उचलून आणला.

"मम्मी, याचं काय करू?"

"पुसता येतो ना तो?"

"एटले, म्हणजे डिलीट?"

"हं. पुसून टाक आणि तुझं कॉलेजचं काम ठेव त्यात."

मास्तरांनी वर बघितलं. काही बोलावं म्हणून त्यांनी घास खाली ठेवला, पण बायकोच्या चेहऱ्याकडे पाहून पुन्हा उचलला.

हर्षदा सवयीनं आईसाठी वेगळी वाटी घेऊन आली. सोमवारची, बिनमिठाच्या आमटीची. मंगलाबाईंनी ती बाजूला सरकवली.

"काय झालं? आज सोमवार आहे, मम्मी."

"माहीत आहे," मंगलाबाई म्हणाल्या. त्यांनी सगळ्यांच्या पातेल्यातली आमटी आपल्या ताटात वाढून घेतली, भाकरीचा तुकडा तिच्यात बुडवला, खाल्ला, आणि क्षणभर चव बघत थांबल्या.

"मीठ कमी पडलंय," त्या म्हणाल्या. "मिठाची बरणी दे बरं इकडे."